शेळीची कावीळ

माझ्या मुलीला एचआयव्ही आहे, आणि तो मुळात माझ्याकडून तिच्या आईला आणि तिच्यामार्फत पोरीला आला. पोरगी आता सोळा वर्षांची आहे. मध्यंतरी तिचं औषध बदललं आणि डोळे पिवळेजर्द झाले. असं झालं तर गोळ्या बंद करू नका, दाखवायला या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण मला तिचं लिव्हर संपलेलंच दिसायला लागलं.

"थोडे दिवस गोळ्या थांबवू," मी म्हणालो.

"तुम्ही थांबा. मी न्हाई थांबत."

तेवढ्यात शेजारच्या मावशी आल्या. परतूरच्या आमच्या गल्लीत आमचा आजार कुणाला माहीत नाही. "भाऊ, ही तर कावीळ! माळ घाला," त्या म्हणाल्या. खरं कारण सांगता येईना, म्हणून मी मान डोलावली. त्यांनी काड्यांची माळ आणून पोरीच्या डोक्यावर ठेवली. ही माळ सैल होत गळ्यात उतरते आणि कावीळही उतरवते, असं म्हणतात. घरात हळद बंद झाली. पांढरंफटक वरण मीही खाल्लं, प्रायश्चित्त म्हणून.

सकाळी माळ पोरीच्या गळ्यात होती. मावशी खूश.

"मावशी, बाबांचे डोळे बी बघा की."

मलाही माळ बसली. माझी तर दुपारीच उतरली. मग पोरीनं तिसरी मागून घेतली आणि मावशींच्या शेळीच्या शिंगांवर ठेवली. तीही बराबर गळ्यात आली.

"मावशी, तुमच्या शेळीला कावीळ व्हती!"

"मुकं जनावर, सांगणार कसं!" मावशी हळहळल्या. तोवर शेळीनं माळ खाऊन टाकली.

मला हसू फुटलं, आणि हसता हसता थोडा धीर आला. दुसऱ्या दिवशी जालन्याला दवाखान्यात गेलो.

"झाडपाला काही पोटात गेला?" डॉक्टरांनी दरडावून विचारलं.

"शेळीच्या," पोरगी म्हणाली.

रक्त तपासलं. लिव्हर चांगलं होतं. या औषधानं काहींचे डोळे नुसतेच पिवळे होतात, डॉक्टर म्हणाले. पण शाळेत पोरं विचारतात, म्हणून त्यांनी औषध बदलून दिलं. "स्वतःच्या मनानं बंद केलं असतं, तर मात्र अवघड होतं." हे ते माझ्याकडे बघून म्हणाले.

डोळे पांढरे झाले. माळेचा गुण, असं मावशी गल्लीभर सांगतात.

आता जेवताना वरण पुन्हा पिवळं असतं. पोरगी आधी माझी गोळी माझ्या ताटाशेजारी ठेवते आणि मी गिळेपर्यंत बघत बसते.

"तुमचा काही भरवसा न्हाई," म्हणते.