‘नाही’ म्हणायचं बटण

सोमवारी सकाळी सातला, ड्युटी बदलायच्या गडबडीत, कंप्युटर खात्यातला माणूस ऑपरेशनच्या आधीच्या वॉर्डात आला आणि दहा मिनिटांत त्याने अकरा जणींच्या फोनवर हजेरीचं नवं अ‍ॅप चढवून दिलं. दहा जणींनी ‘मला मान्य आहे’ या हिरव्या बटणावर बोट टेकवलं आणि त्या आपापल्या कामाला लागल्या. अकरावी म्हणाली, "थांबा."

तिचं नावच मुळी ‘थांबा सिस्टर’ पडलेलं. मोठ्या डॉक्टरांनी पाडलेलं, आणि तेही कौतुकाने नाही.

"काय झालं सिस्टर, रेंज नाही का?"

"रेंज आहे. वाचतेय."

"काय वाचताय?"

"तुम्ही जे मान्य करायला सांगताय ते."

तो हसला. "अहो, ते कुणी वाचत नाही."

"मग लिहिलंय कशाला?"

सिस्टर अंगठ्याने मजकूर वर सरकवत राहिली. हातातून बँडेजची गुंडाळी सुटावी आणि फरशीवर लांबच लांब उलगडत जावी, तसा तो मजकूर संपेचना. सगळा इंग्रजीत, आणि अक्षरं मुंगीच्या पायाएवढी.

"ही किती पानं भरतील?"

"छापली तर असतील सदतीस-अडतीस."

"बरं. आणि ‘नाही’ म्हणायचं बटण कुठे आहे?"

त्याने फोन हातात घेतला, वर पाहिलं, खाली पाहिलं, मग डोकं खाजवलं. "तसं बटण नाहीये. मान्य नसेल तर बंद करायचं."

"आणि बंद केलं तर हजेरी?"

"लागणार नाही."

"मग विचारताय कशाला? सरळ सांगा की, दाबा म्हणून."

बाकीच्या जणी तोंडावर हात ठेवून हसल्या. तो बिचारा उद्यापासून कागदी हजेरीपट बंद असल्याचं सांगून निघून गेला.

आता कुणाला वाटेल, ही बाई आडमुठी आणि यंत्राला घाबरणारी असणार. तसं काही नव्हतं. सत्तावन्न वर्षांच्या या बाईने काचेच्या सिरिंज उकळण्यापासून सलाईन आपोआप मोजणाऱ्या पंपापर्यंत सगळं हाताळलं होतं, आणि त्या पंपावर तिचा जीव होता. "शहाणं यंत्र आहे ते," ती म्हणायची. "काम करतं, बिघडलं की ओरडतं, आणि मला कधी विचारत नाही की तुमचा अनुभव कसा होता." तिच्याकडे स्मार्टफोनही होता. फक्त तो रिकाम्या घरासारखा होता, चार भांडी आणि एक चटई. कारण जे अ‍ॅप घ्यायचं त्याच्या अटी ती आधी वाचायची, आणि वाचल्यावर बहुतेक अ‍ॅपं दारातूनच परत जायची. एकदा जिन्यात उजेड हवा म्हणून बॅटरीचं अ‍ॅप घ्यायला गेली, तर त्याने फोनमधल्या सगळ्या नंबरांची परवानगी मागितली. "उजेड पाडायला माझ्या नणंदेचा नंबर कशाला लागतो?" असं म्हणून तिने सरळ एक हातबॅटरी विकत आणली. मुलाच्या मनगटावरचं घड्याळ त्याला दर तासाला उभं राहायला सांगायचं. तिचं म्हणणं, लहानपणी मी सांगायचे तेव्हा हा अंथरुणातून हलत नसे, आता पट्टा थरथरला की ताडकन उठतो.

तिची ही वाचायची खोड फोनमुळे लागली नव्हती. ती लागली वॉर्डात.

ऑपरेशनच्या आधी पेशंटची सही लागते. डॉक्टर काय करणार, त्यात धोका काय, काय काय होऊ शकतं, हे सगळं त्या संमतीपत्रावर छापलेलं असतं. डॉक्टर समजावतात, पण घाईत. आणि घाबरलेल्या माणसाला ‘समजलं ना?’ विचारलं की तो ‘हो’च म्हणतो. खाली साक्षीदार म्हणून सिस्टरची सही असते, तारीख आणि वेळेसकट. इतर ठिकाणी कागद पुढे सरकवून ‘इथे सही करा काका’ म्हणतात. ही स्टूल ओढून बसायची, चष्मा लावायची, मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायची आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागायची. प्रत्येक ओळीनंतर थांबून विचारायची, "काय कळलं, मला सांगा."

बऱ्याच वर्षांपूर्वी एक तरणी बाई सहीला बसली होती. आठव्या ओळीला, गरज पडल्यास गर्भपिशवी काढावी लागेल असं होतं, तिथे ती म्हणाली, "थांबा. हे मला कुणी सांगितलं नाही." ऑपरेशन एक दिवस पुढे गेलं. मोठे डॉक्टर भडकले, यादी कोलमडली. पण त्या बाईने नवऱ्याशी आणि डॉक्टरांशी बोलून दुसऱ्या दिवशी सही केली, सरळ बसून, पूर्ण नावानिशी. तेव्हापासून मोठे डॉक्टर म्हणायचे, "या थांबा सिस्टर असल्या की पेशंटच्या आधी मलाच भूल द्यावी लागते." सिस्टर म्हणायची, "द्या की. पण आधी कागद वाचून दाखवीन."

तर अशी बाई न वाचता बटण कशी दाबणार?

त्या संध्याकाळी घरी तिने ते प्रकरण सुनेपुढे ठेवलं. मुलगा सॉफ्टवेअरमध्येच होता. त्याने जेवता जेवता मान हलवली. "आई, जगात कुणीच वाचत नाही गं ते. आम्ही अ‍ॅप बनवतो, आम्हीसुद्धा वाचत नाही."

"बनवणाऱ्याने न वाचलेलं आणि वापरणाऱ्याने न वाचलेलं, मग हे वाचणार कोण? देव?"

सून मात्र खुर्ची ओढून बसली. तिचं इंग्रजी चांगलं होतं, आणि सासूच्या असल्या खटपटींत तिला मजा यायची. चार संध्याकाळी दोघी भांडी आवरल्यावर ती पानं छापून घेऊन बसल्या. सून वाचायची, अर्थ सांगायची. सिस्टर दोनशे पानी वहीत लिहायची. हळूहळू कळत गेलं. अ‍ॅप चेहऱ्याचा फोटो घेणार आणि तो किती वर्षं ठेवणार ते सांगणार नाही. माणूस कुठे आहे हे चोवीस तास पाहणार, ड्युटी संपल्यावरसुद्धा. ती माहिती ‘भागीदारांना’ देणार. भागीदार कोण, ते लिहिलेलं नाही. अटी केव्हाही बदलणार आणि बदलल्याचं कळवणार नाही.

तिसऱ्या दिवशी सून एकविसाव्या पानावर अडखळली आणि खो खो हसत सुटली.

"काय गं?"

"आई, इथे लिहिलंय, प्रवासात प्रवाशाचं सामान हरवल्यास कंपनी जबाबदार नाही."

"कुणाचं सामान?"

मुलाने येऊन डोकावलं आणि कपाळाला हात लावला. कुठल्या तरी प्रवासाच्या अ‍ॅपच्या अटी उचलून जशाच्या तशा इथे चिकटवल्या होत्या. "होतं असं," तो ओशाळून म्हणाला.

"होतं?" सिस्टरने चष्मा काढला. "मी एका पेशंटचा कागद दुसऱ्याच्या फायलीत लावला असता, तर मला दारात उभं केलं नसतं कुणी."

तोवर इकडे हॉस्पिटलात ती रोज गैरहजर होती. सकाळी सातला यायची, सलाईनसाठी हाताला कॅन्युला लावायची, पेशंटची कवळी आणि अंगठ्या डबीत ठेवून त्यावर नाव चिकटवायची, वाचून दाखवायची, सही घ्यायची. आणि दारातल्या हजेरीच्या स्क्रीनवर तिच्या नावापुढे लाल अक्षरात ‘गैरहजर’ असायचं. वॉर्डातल्या जणी चेष्टा करायच्या, "सिस्टर, आज आला नाहीत का? तब्येत बरी आहे ना?" ती म्हणायची, "नाही आले. तो ट्रे दे बघू इकडे."

मेट्रन तिची ट्रेनिंगपासूनची मैत्रीण. लोकांसमोर ‘मॅडम’, दार लोटलं की ‘अगं’. तिने सहाव्या दिवशी बोलावून घेतलं.

"अगं, आठ महिने राहिलेत तुझे. दाब ना एकदाचं ते बटण."

"तू वाचलंस?"

"मी? मला वेळ आहे का?"

"तुझं सामान हरवलं तर कंपनी जबाबदार नाही म्हणे."

"कसलं सामान?"

"तेच विचारतेय मी."

मेट्रन हसली नाही. "प्रशासक साहेबांनी सांगितलंय, आणखी चार दिवस बघतील. नाहीतर तुला वॉर्डातून काढून कपड्यांच्या स्टोअरला टाकतील. चादरी मोजत बसशील."

हे मात्र सिस्टरला लागलं. चादरी मोजण्यात कमीपणा नव्हता. पण आठ महिने त्या खाटांजवळ दुसरंच कुणीतरी ‘इथे सही करा’ म्हणणार, हे तिच्या डोळ्यांसमोर आलं. त्या दिवशी घरी जाताना ती हॉस्पिटलच्या प्रार्थनेच्या खोलीत जरा वेळ बसली. देवापाशी तिने काही मागितलं नाही. एवढंच म्हणाली, मी हट्ट करत असेन तर मला कळू दे. मग वहीतून एक पान फाडून तिने पाच प्रश्न स्वच्छ अक्षरात उतरवले, खाली सही केली, आणि दुसऱ्या दिवशी प्रशासक साहेबांच्या टेबलावर ठेवले. उत्तर आलं नाही.

आलं ते भलत्याच दिशेने. रेकॉर्ड रूममध्ये एक रेकॉर्डवाले होते, सुईत दोरा ओवल्यासारखं काम करणारे गृहस्थ. हॉस्पिटलची वार्षिक तपासणी जवळ आली म्हणून ते संमतीपत्रं तपासत बसले होते. साक्षीदाराची सही, तारीख, आणि त्या दिवशी तो साक्षीदार ड्युटीवर होता का, हे हजेरीशी ताडून पाहणं हा त्यांचा नेम. नवव्या दिवशी ते हातगाडीवर बावीस फायली घालून थेट मोठ्या डॉक्टरांपुढे उभे राहिले.

"सर, या बावीसही ऑपरेशनांना साक्षीदार नाही."

"म्हणजे? सिस्टरची सही दिसतेय की धडधडीत."

"सही आहे. सिस्टर नाहीत. नऊ दिवस गैरहजर आहेत."

"अहो, सकाळी भांडली ती माझ्याशी!"

"भांडणाची नोंद नाही सर. हजेरीची आहे, ती गैरहजरची."

मोठे डॉक्टर पाच मिनिटांत प्रशासक साहेबांच्या खोलीत. उद्या एखादा पेशंट कोर्टात गेला तर बावीस कागदांवर न आलेल्या बाईची सही, हे त्यांना चांगलंच कळत होतं. सिस्टरला बोलावणं गेलं. ती हात धुऊन, पुसून, सावकाश आली.

साहेब अगदी गोड आवाजात म्हणाले, "बसा सिस्टर. हा घोळ आपण आत्ताच मिटवू. मागचे नऊ दिवस मी हजर करून टाकतो. तुम्ही फक्त बटण दाबा."

"मागचे दिवस हजर करता येतात?"

"सिस्टीममध्ये करता येतं ना."

"मग मी घरी झोपलेली असताना मला हजरही दाखवता येईल?"

साहेबांनी पाण्याचा पेला उचलला.

"साहेब, मी इथे होते. बावीस पेशंटना विचारा. मागच्या तारखेने हजर केलं तर खरी गोष्टसुद्धा खोटी वाटेल. आणि त्या कागदावर मी देवाला स्मरून सही करते, त्याच्या शेजारी ही बनावट हजेरी मला नको."

"अहो पण मग मी करू काय?" साहेबांचा गोडवा संपला. "तुमच्या एकटीसाठी वेगळी पद्धत ठेवू?"

"वेगळी कसली? जुनीच. एक वही आणि एक पेन. ड्युटीच्या वेळात मी कुठे आहे ते तुम्ही खुशाल विचारा, दहादा विचारा. घरी गेल्यावर मी कुठे आहे ते माझ्या सुनेने विचारायचं. आणि माझ्या पाच प्रश्नांची उत्तरं द्या. पटली तर मीच येऊन बटण दाबीन."

"सगळ्यांनी दाबलं, तुम्हालाच काय होतंय?"

"सगळ्यांनी दाबलं म्हणून तर विचारतेय. एकविसाव्या पानावर आपलं सगळ्यांचं सामान हरवलंय."

साहेबांनी काही न कळून मोठ्या डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते. मग ते वळून म्हणाले, "द्या हो तिला वही. ही हलायची नाही. चौदा वर्षं मी प्रयत्न करतोय. आणि स्टोअरला पाठवायचं म्हणत असाल तर माझ्या कागदांवर साक्षीला तुम्ही येऊन बसा, रोज सकाळी सातला."

साहेबांनी घंटी वाजवली. वही आली, मागोमाग मेट्रन आणि रेकॉर्डवालेही आले. नऊ दिवसांसाठी मेट्रनने ‘मी स्वतः कामावर पाहिले’ असं लिहून आजच्या तारखेने सही केली, आणि रेकॉर्डवाल्यांनी त्याला मान डोलावली. झालं, असं वाटून सिस्टर उठणार, तोच साहेबांनी एक छापील कागद पुढे सरकवला. "ही औपचारिकता. तुम्ही स्वेच्छेने अ‍ॅप नाकारता आहात एवढंच. इथे सही करा."

सिस्टरने चष्मा लावला. खुर्ची टेबलाजवळ ओढली. आणि पहिल्या ओळीपासून, वॉर्डात वाचते तसं, स्पष्ट आवाजात वाचायला सुरुवात केली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. तिसऱ्या ओळीला ती थांबली.

"‘होणारे सर्व परिणाम मला मान्य आहेत.’ कुठले परिणाम?"

"म्हणजे... जे काही होतील ते."

"त्यांची यादी द्या."

"यादी कशी देणार?"

"मग ती ओळ काढा."

शेवटी साहेबांनी स्वतःच्या पेनाने ती ओळ खोडली. सिस्टरने उरलेलं वाचून पूर्ण केलं, सही केली, तारीख घातली, वेळ घातली, नऊ वाजून वीस मिनिटं, आणि कागद फिरवून त्यांच्यापुढे केला.

"खाडाखोडीवर तुमचीही सही लागते, साहेब."

त्यांनी ती केली. सिस्टर कागदाची एक प्रत मागून, वही काखेत घेऊन वॉर्डाकडे निघाली. साडेनऊच्या यादीतले पहिले काका सहीसाठी खोळंबले होते.