देव्हाऱ्याखालचे भुंगेरे

"देव्हाऱ्याला कीड लागलीय गं, लवकर ये," सुधाकाकू फोनवर म्हणाल्या. घरातले किडे ओळखणं हे माझं काम. मी केंब्रिजला असते, त्या लंडनजवळ स्टॅनमोरला. देव्हारा सागवानी, काकांनी रिटायर झाल्यावर गराजमध्ये स्वतः केलेला. काका गेल्यापासून काकू रोज त्याच्यासमोर बसून त्यांच्याशी बोलतात.

"मी उद्या येते. तोवर कशाला हात लावू नका," मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाने, अनिकेतने दार उघडलं. देव पाटावर मांडले होते. मागच्या भिंतीवर देव्हाऱ्याच्या जागी न विटलेल्या रंगाचा नुसता चौकोन.

"देव्हारा कुठेय?"

"काल संध्याकाळी गार्डनमध्ये जाळला. पेस्ट कंट्रोलवाला म्हणाला, वूडवर्म आहे, लाकूड पोखरतो, फ्लोअरबोर्ड्समध्ये जाईल. टिपला, कचरा डेपोत नेणार होतो, पण आई नको म्हणाली."

"देवाचं लाकूड कचऱ्यात टाकायचं का?" काकू म्हणाल्या. "हात जोडले आणि अग्नीला दिलं."

त्यांनी किडे ठेवलेली डबी पुढे केली. भिंगातून पाहिलं. तपकिरी अंग, पाठीवर पांढरी नक्षी, कोळ्यासारखे लांब पाय. हा टिनोमॉर्फस. कुंपणाच्या, वेलींच्या वाळक्या फांद्यांत वाढतो. वूडवर्मचा भाऊबंद, पण घरातल्या फर्निचरच्या वाटेला जात नाही.

देव्हाऱ्याच्या जागेखालीच लॉग बर्नरसाठी, म्हणजे लाकडाच्या शेगडीसाठी, काटक्यांची टोपली होती. एक काटकी मोडली. आत भुसा, आणि एक जिवंत भुंगेरा.

"हे यातून आले," मी म्हणाले. "सागाला ते तोंडही लावत नाहीत. थोड्या दिवसांत आपोआप मेले असते."

अनिकेतने ती काटकी हातात घेतली. "कुंपणाच्या हेजच्या फांद्या मीच तोडून आणल्या. पूजेला बसताना आईला थंडी वाजते म्हणून."

काकू त्या चौकोनाकडे बघत म्हणाल्या, "कीडच होती म्हणाली असतीस, तर काय बिघडलं असतं गं?"

किडा आधी ओळखावा, उपाय नंतर करावा, हे मी प्रत्येक क्लायंटला सांगते. पण घाबरलेल्या माणसाला ओळख नको असते, उपाय हवा असतो.

घरी येऊन रिपोर्ट लिहिला. ट्रीटमेंटच्या रकान्यात खरं तेच लिहिलं: गरज नाही.