गिरणीत टांगलेलं सुवर्णपदक

कळंबजवळच्या आमच्या गावात अण्णांची, म्हणजे माझ्या वडलांची, पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या भिंतीवर माझं सुवर्णपदक टांगलेलं आहे. दळण घेऊन आलेल्या माणसाला नंबर लागेपर्यंत दुसरं काम नसतं. मग अण्णा त्याला भारताच्या हौशी फुटबॉल संघाचा इतिहास सांगतात. सांगता सांगता पदकावरचं पीठ उपरण्यानं पुसतात. पुसून पुसून त्याचा पिवळा रंगही गेला. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

खरा इतिहास एवढुसा आहे. मी कॉलेजात असताना एक साहेब मैदानावर आला. म्हणाला, तुझी देशाच्या हौशी संघात निवड झाली, पैसे भर, नेपाळला जायचंय. चाचणी नाही, सराव नाही. बाकीच्या पोरी थेट रेल्वेतच भेटल्या. संघात चार गोलकीपर निघाल्या, कारण पैसे भरताना जिला जी जागा आवडली ती तिनं सांगितली होती. त्यातल्या दोघींनी चेंडूला कधी हातही लावला नव्हता. समोरचा परदेशी संघ म्हणजे तिथल्याच एका होस्टेलच्या पोरी, चपला काढून उतरलेल्या. खेळ थोडकाच झाला, तिरंगा धरून फोटो मात्र उन्हं कलेपर्यंत चालले. शेवटी सुवर्णपदक आम्हालाही दिलं आणि त्यांनाही.

घरात पाऊल टाकताच मी हे सगळं अण्णांना सांगितलं. पण दारात हलगी वाजत होती, ट्रॅक्टर सजवून उभा होता. अण्णा म्हणाले, "प्रवासानं शिणलीस बाळा." पालथ्या घड्यावर पाणी. मला ट्रॅक्टरवर चढवलं, गुलाल टाकला, माइक हातात दिला. समोर अण्णा डोळे पुसत उभे. मी म्हणाले, "देशासाठी खेळले, लई अभिमान वाटला." तेवढ्यावर गिरणीतला इतिहास उभा राहिला. दर वर्षी त्यात एक गोल वाढतो.

वाढू दे म्हटलं होतं. आता मी भूमला शाळेत खेळाची बाई आहे, रविवारी गावी येते. आमच्या गल्लीतली एक पोर दर रविवारी माझ्याकडं फुटबॉल शिकायची. काय पाय होता तिचा. गेल्या वर्षी तिला विभागाच्या संघाच्या चाचणीचं बोलावणं आलं. ही चाचणी खरी होती, तिथून पुढं राज्याच्या संघाचा रस्ता होता. नेमका तेव्हाच तिचा बाप दळण घेऊन गिरणीत आला. अण्णांनी त्याला इतिहास सांगितला आणि त्याच साहेबाचा नंबरही दिला. नेपाळची सहल चाचणीच्याच आठवड्यात निघाली. बापानं म्हैस विकायला काढली.

मी गिरणीत गेले. पोरीचा बाप तिथंच होता. "मामा," मी म्हणाले, "त्यो संघबिंघ काय न्हाय. पैसे भरंल त्यो खेळाडू. पोरीला चाचणीला जाऊ द्या."

"व्हय, तुझं पदक खरं आन् माझ्या पोरीचं खोटं?"

"माझंबी खोटंच हाय."

अण्णांनी मोटार बंद केली. रांगेतल्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. "माझ्याच गिरणीत हुबी ऱ्हाऊन मला खोटं पाडतीस?" अण्णा म्हणाले. "दुसऱ्याची पोर मोठी झाली की तुझ्या पोटात का दुखतंय?"

माझ्या अंगाची लाही झाली. ज्या माणसाला वाचवायला गेले तो मिशीत हसत होता, आणि माझाच बाप त्याला साथ देत होता. पोर बापाला दादा म्हणायची. मला म्हणाली, "मला चाचणीलाच जायचंय ताई, पर दादा ऐकंनात." ती नेपाळला गेली.

परत आली तेव्हा तोच ट्रॅक्टर, तीच हलगी. फेटा बांधायचा मान मला, माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू म्हणून. मला किळस आली होती, तरी पोरीसाठी गेले. फेटा बांधताना ती हळूच म्हणाली, "ताई, पाच गोलकीपर होत्या." मग तिच्या हातात माइक दिला. तिनं समोर बापाकडं पाहिलं. तो डोळे पुसत होता. ती म्हणाली, "देशासाठी खेळले, लई अभिमान वाटला."

विभागाचा संघ तोवर तिच्याविना निवडून झाला होता. अण्णांनी माझ्या पदकाशेजारी दुसरा खिळा ठोकला आणि तिचं पदक मागून आणून टांगलं. मी मात्र पुढच्या वर्षाच्या चाचणीवर डोळा ठेवून होते. रविवारी मैदानावर वाट बघितली, ती आली नाही. पुढच्या रविवारीही नाही. शेवटी मी तिच्या घरी गेले.

ती दारातच बसली होती, उठली नाही. "दादा न्हाय म्हणत्यात ताई," म्हणाली. "देशाकडनं खेळून आलेली पोर आता विभागाच्या चाचणीला रांगंत हुबी ऱ्हायली तर लोक काय म्हणतील?"

नेपाळहून आल्यावर मी खऱ्या चाचणीला निघाले, तेव्हा अण्णाही मला हेच म्हणाले होते.