भिंतीवरची बाई

मी एसटीत कंडक्टर आहे. नाव उज्ज्वला, नोकरीला चौदा वर्षं झाली, आणि स्वभाव तापट आहे. खोटं वाटत असेल तर आमच्या डेपोत कुणालाही विचारा. या चौदा वर्षांत हजारो माणसांना तिकीट दिलं, पण कुणाचं नाव विचारलं नाही. विचारायचं तरी कशाला? माणूस चढतो, खिडकीसाठी भांडतो, उतरून जातो. सिंधुबाईचं नाव मात्र मी विचारलं. त्यात माया वगैरे काही नव्हती, नुसती चौकशीची खाज होती.

गेल्या वर्षी जुलैत रविवारची एक जादा गाडी सुरू झाली. सकाळी आठला केजहून निघायचं, बालाघाटाच्या डोंगरावरची तीन गावं दाखवायची आणि संध्याकाळी परत यायचं. पिंपळदरा, चिंचमाळ आणि गवळणवाडी. एरवी या गावांत बघण्यासारखं काय होतं? दगड, वारा आणि लांबवर दिसणारं धरणाचं पाणी. पण आदल्या डिसेंबरात चित्रकला शिकणारी अकरा मुलंमुली तिथं शिबिराला आली आणि घराघरांच्या भिंती रंगवून गेली. मोर, बैलगाड्या, जात्यावरच्या बाया, शेरडं, चांदण्या. मोबाईलवर त्याचे फोटो फिरले आणि माणसं गाडी करून बघायला जायला लागली. तेव्हा एसटीनंही म्हटलं, आपणही जाऊ.

पहिल्या रविवारी गाडीत मी आणि ड्रायव्हर हनुमान, दोघंच. "ताई, तुमी बसा खिडकीला, बघा चित्रं. मी हाय चालवायला," हनुमान म्हणाला. मी त्याच्याकडं नुसतं बघितलं, तशी त्यानं गाडी सुरू केली.

युसूफ वडगावच्या फाट्यावर एक बाई उभी होती. पन्नाशीच्या अलीकडची, सडपातळ, अंगावर फिकी निळी साडी. ती चढली आणि डाव्या हातानं नोट पुढं केली. आता भवानीच्या बाबतीत मी कडक आहे. दिवसाचा पहिला पैसा मी कपाळाला लावते, मगच बॅगेत टाकते. त्यावरून मला किती जण हसतात, हसोत.

"भवानीची येळ हाय, बाई. डाव्या हातानं कावून देता? उजव्यानं द्या," मी खेकसले.

तिच्या उजव्या हातात पिशवी होती. तिनं पिशवी खाली ठेवली, नोट उजव्या हातात घेतली आणि दिली. चेहऱ्यावर राग नाही, ओशाळणं नाही, काहीच नाही. मी नोट कपाळाला लावली, बायकांचं अर्धं तिकीट फाडलं आणि विसरून गेले. त्यानंतर कितीतरी रविवार तिनं मला डाव्या हातानं पैसे दिले नाहीत.

दुसऱ्या रविवारी ती आली, तिसऱ्या रविवारीही आली. तोवर गाडी भरायला लागली होती. बाकीची माणसं भिंतीला टेकून, तोंडं वाकडी करून फोटो काढायची. ही प्रत्येक भिंतीसमोर उभी राहायची, चित्रातल्या बाईच्या तोंडाकडं बघायची आणि पुढच्या भिंतीकडं जायची. आनंद नाही, कौतुक नाही. गवळणवाडीला गाडी जेवणासाठी दोन तास थांबते. तिथं चतुराबाई नावाच्या म्हातारीच्या घरापुढं ओटा आहे. त्या ओट्यावर भिंतीला पाठ टेकून ती भाकरी खायची. तिसऱ्या रविवारी मी माझा डबा घेऊन तिच्या शेजारी बसले, नाव विचारलं आणि सरळ मुद्द्याला हात घातला.

"काय हुडकता ओ एवढं?"

"मला," ती म्हणाली.

"म्हंजी?"

"माझी चैताली व्हती त्या शिबिरात. घरी आली तवा म्हनली, आई, तीन गावांतल्या एका भिंतीवर म्या तुला काढलंय. कुठं ते सांगनार न्हाई. चल माझ्यासंगं गाडीनं, तुझं तूच वळख."

"मग?"

"मी म्हनलं, तूर निघू दे. मग जाऊ."

"मग?"

"मग तिला ताप आला. चार दिवसांत गेली. जानेवारीत."

गाडी किती वाजता सुटते हे सांगावं, तसं तिनं हे सांगितलं. माझा घास तोंडातच राहिला. काहीतरी बोलायला पाहिजे होतं, पण मला फक्त भांडता येतं.

"जेवा तुमी," तीच म्हणाली. "मला काय व्हत न्हाई. गावात बाया म्हनत्यात, हिला रडूबी येत न्हाई. खरंच हाय ते. येत न्हाई."

शाळेत खिचडी शिजवायचं काम करते, नवरा सोमेश्वर सिरसाळ्याला आडतीवर हमाल आहे, आठवड्यातून एकदा येतो, एवढं तिनं विचारल्यावर सांगितलं. चैतालीच्या मैत्रिणींना विचारलं का, म्हटलं, तर विचारलं होतं. त्या म्हणाल्या, आम्ही अकरा जणांनी एकमेकांच्या भिंतींवर हात मारलाय, कुणी कुठलं काढलं ते आता ध्यानात नाही. पोरीच्या मोबाईलमध्ये फोटो असतील, पण त्याचं कुलूप पोरीलाच ठाऊक. राहिल्या भिंती. आणि भिंतींवरच्या बायांची तोंडं सगळी एका साच्यातली, गोल, मोठ्या डोळ्यांची, नाकात नथ घातलेली. खऱ्या बाईसारखं त्यात काय असणार!

त्या दिवसापासून मीही शोधायला लागले. हनुमानही लागला. "सिंधुबाई, ही कोंबड्याला दाणं टाकनारी बगा, हुबेहूब तुमीच," तो लांबून ओरडायचा. ती जायची, बघायची. "न्हाई, मी एवढी जाड न्हाई," म्हणायची आणि परत यायची. हनुमान हसायचा. ती हसायची नाही, पण पुढच्या वेळी त्यानं हाक मारली की पुन्हा जायची. पाण्याला निघालेली, शेरडं राखणारी, पोराला पाजणारी, जातं ओढणारी, सगळ्या बघून झाल्या. प्रत्येकीला "न्हाई." मी चिडून म्हटलं, अहो, एखादीला होय म्हणा आणि समाधान करून घ्या. ती म्हणाली, "वळखून दाव म्हनली व्हती ती. खोटं कसं सांगू?"

असा सप्टेंबर आला आणि भिंती पांढऱ्या व्हायला लागल्या.

आमच्याकडं घटस्थापनेच्या आधी दसरा काढतात. घरातल्या वाकळा-गोधड्या, कपडे, भांडी, डबे, होतं नव्हतं ते सगळं बाहेर काढून धुवायचं, आणि भिंतींना चुना द्यायचा. चित्र काढलेली भिंत झाली म्हणून काय झालं, तिलाही दसरा आहेच. पिंपळदऱ्यात एका रविवारी दोन भिंती पांढऱ्याफटक दिसल्या. मी त्या घरमालकावर तुटून पडले. लांबलांबून माणसं हे बघायला येतात, तुम्हाला काही किंमत आहे की नाही! तो शांतपणे म्हणाला, "घर आमचं हाय, बाई. वरसाला चुना लागतोच." त्याचं बरोबर होतं, त्यामुळं मला जास्तच राग आला.

सिंधुबाईनं त्याला एवढंच विचारलं, "काय व्हतं यावर?"

"एकीवर मोर व्हता, एकीवर बैलगाडी."

"बाई न्हवती ना?"

"न्हाई."

"मग जाऊ द्या," ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

घट बसायला चार दिवस होते, त्या रविवारची गोष्ट. गवळणवाडीला पोचलो तर चतुराबाई ओट्यावर पिंप पालथं घालून त्यावर उभी होती. सत्तरीची म्हातारी, पदर खोचलेला, हातात खुरपं. चुना बसत नाही म्हणून आधी रंग खरवडत होती. वरचा हातभर भाग झाला होता. ओट्यावर रंगाच्या पापड्या पडल्या होत्या आणि बाजूला बादलीत चुना भिजत होता.

"आज हितं बसू नगा गं, चुना उडंल अंगावर," ती म्हणाली.

मी लगेच कमरेवर हात ठेवले. "कावून खरवडता ओ? चांगलं चित्र हाय की."

"काय चांगलं? त्या पोरीनं समदं उलटं काढून ठिवलंय. वाकळ शिवनारी बाई, आन सुई डाव्या हातात. कोन शिवतं बाई डाव्या हातानं? ऐन दारात डावा हात. येनारं जानारं हसतंय. घट बसायच्या आत काढून टाकते."

मी बघितलं. बारा रविवार झाले होते, ते चित्र मी शंभरदा पाहिलं असेल. बसलेली बाई, तिच्या मांडीवरून खाली ओघळणारी वाकळ, आणि खाली खाली येता येता वाकळीचे तुकडे शेतं झालेले. सुई धरलेला हात मी कधी नीट पाहिलाच नव्हता. खरंच डावा होता.

"शिकाऊ पोरं हायत, चुकत असत्यात," मी म्हणाले आणि सिंधुबाईकडं वळले. ती भिंतीकडं बघत नव्हती. स्वतःचे दोन्ही हात पुढं धरून त्यांच्याकडं बघत होती.

"मला त्यात उलटं काय दिसलंच न्हाई," ती म्हणाली.

चतुराबाईचा हात थांबला.

"मी डावरी हाय. लगीन होऊन आले तवा डाव्या हातानं वाढलं म्हून सासूनं ह्या बोटांवर उलथनं मारलं. तवापासून चारचौघांत समदं उजव्यानं करते. वाकळ तेवढी उजव्यानं जमत न्हाई. ती दार लावून शिवायची. घरधन्यालाबी ठाव न्हाई. चैताली तेवढी असायची जवळ. सुईत दोरा तीच ववायची."

चतुराबाई पिंपावरून खाली उतरली. तिनं हातातलं खुरपं ओट्यावर ठेवलं, मग उचलून घरात नेऊन ठेवलं. बाहेर येऊन सिंधुबाईसमोर उभी राहिली.

"माझ्याच हातानं गेलं गं तोंड," ती म्हणाली.

"कसं व्हतं, आजी?"

"काय?"

"तोंड. कसं काढलं व्हतं? मी बघितलं, पन समद्यांत मिसळलं."

चतुराबाई विचार करायला लागली. नऊ महिने तिच्या दारात असलेलं तोंड. "गोल व्हतं," ती म्हणाली. "नथ... व्हती का न्हवती गं?" तिनं मला विचारलं. मला आठवेना. बाकी सगळ्या बायांना नथ होती, म्हणून हिलाही असेल, एवढंच मला सांगता आलं असतं. हनुमाननं मोबाईल काढला आणि खालीवर करून एक फोटो शोधला. ओट्यावर उभं राहून त्यानं स्वतःच काढलेला होता. मागं तीच भिंत, पण बाईच्या तोंडाच्या जागी बरोबर हनुमानचं डोकं. बिचारा तो फोटो आमच्यापुढं धरून तसाच उभा राहिला. मोबाईलवर फिरलेल्या फोटोंत मोर आणि बैलगाड्याच होत्या; कुणातरी प्रवाशाकडं असेलही दुसरा फोटो, पण बारा रविवारच्या माणसांना आता कुठं गाठणार?

"बारा आयतवार हितंच बसून भाकर खाल्ली," सिंधुबाई म्हणाली. "तिच्याकडं पाठ करून."

एवढं बोलूनही ती रडली नाही. आता रडेल, मग रडेल, म्हणून आम्ही तिघं तिच्याकडं बघत होतो. ती ओट्यावर चढली आणि चित्रातल्या हातावर आपला डावा हात ठेवला. दोन्ही हात एका मापाचे होते. करंगळी थोडी वाकडी होती, भिंतीवरचीही आणि तिचीही. तिनं हात काढून घेतला, पदराला पुसला आणि चतुराबाईला म्हणाली, "वरचं चुन्यानं करून घ्या, आजी. सन हाय. खालचं ऱ्हाऊ द्या."

चतुराबाई पदर तोंडाला लावून रडत होती. मान तेवढी हलवली.

परतीच्या वाटेत मी तिकिटाचं मशीन हातात धरून माझ्या सीटवर बसले होते. पहिल्या दिवशी फाट्यावर मी कशी खेकसले ते आठवत होतं. सासूनं उलथनं मारलं, मी शब्द मारला. उजव्या हातात पिशवी होती म्हणून तिनं डाव्यानं दिले, असं मी समजून चालले होते. मला माझीच लाज वाटली. माफी मागायला दोनदा उठले आणि दोनदा दुसऱ्याच प्रवाशावर ओरडून परत बसले. वडगावच्या फाट्यावर ती उतरली. "येते बाई," म्हणाली. आता ती पुन्हा येणार नाही, असं मला वाटलं. शोधायचं ते सापडलं होतं, आणि सापडूनही हाती काय राहिलं?

पुढचा रविवार नवरात्रातला. लोकांना घरचे घट, देवीचे खेटे, उपास, चित्रं बघायला कोण येणार? केजहून गाडी रिकामी निघाली. भवानी व्हायची होती.

वडगावच्या फाट्यावर सिंधुबाई उभी होती. या वेळी मोठी पिशवी होती, खांद्याला अडकवलेली, आणि तिच्यातून अर्धवट शिवलेल्या वाकळीचं टोक बाहेर आलं होतं. उजवा हात मोकळा होता. ती चढली, माझ्यासमोर उभी राहिली आणि डाव्या हातानं नोट पुढं केली. हात मागं घेतला नाही.

"गवळनवाडी," ती म्हणाली.

मी नोट घेतली, कपाळाला लावली आणि डबल बेल दिली.