मेमची हवेली

हे मले आत्ताच्या आत्ता सांगायचं हाये. उद्या धीर होणार नाही.

मायी धाकटी बहीण कालेजातून दिवाळीले घरी आली आन् पिशवी खाली ठेवायच्या आधीच भुताची गोष्ट सांगू लागली. यवतमाळले त्यांच्या कालेजाच्या आवारात गोऱ्या सायबाचा जुना बंगला हाये, त्याच्या न्हाणीत म्हणे मेम रडते. झगा ओलागच्च. आन् रडता रडता "हवेली, हवेली" म्हणते. मी चहा ठेवला होता, तो सगळा उतू गेला. कारण तो ओला झगा माया हाये. म्हणजे मीच तो रचला.

आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. त्या बंगल्यात तवा आमचं पोरींचं होस्टेल होतं. तिथं राहाले कोणी मास्तर तयार नव्हता, म्हणून तो आमच्या वाट्याले आला. आमी आठ जणी. एकमेकींले गावावरूनच हाका मारू. मी वणीवाली, कोर्टातल्या कारकुनाची पोरगी, तोंडाले कुलूप नाही. माया बाजूच्या खाटेवर आर्णीवाली. आर्णीजवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यातली, तिथून कालेजात आलेली पहिलीच पोरगी. तिचं लग्न ठरलेलं होतं, पण बापानं भाऊबंदांशी भांडून मार्चातल्या परीक्षेपर्यंत थांबवलं होतं. इंटर पास झाली तं मास्तरीण होईन, नाही तं काहीच नाही, एवढं ती म्हणे आन् पुन्हा पुस्तकात डोकं घाले.

मागच्या न्हाणीत सायबाच्या वेळचा लोखंडी टब गंजत पडला होता. मेम त्यात बुडून मेली हे आमच्या आधीपासून चालत आलेलं. पण तिचं रडणं ऐकलं कोणीच नव्हतं.

जानेवारीत एक दिवस मी पुस्तक विसरली म्हणून भर दुपारी परत आली. बंगल्यात चिटपाखरू नाही. आन् न्हाणीतून रडणं. साधं नाही, सुरातलं, श्वास संपेपर्यंत लांब ओढलेलं. शब्द काही समजत नव्हते. एकच समजला, हवेली. मी पुस्तक न घेता पळाली ते सीधी वर्गात.

संध्याकाळी जेवताना सांगितलं. सांगता सांगता फटीतून पाह्यलं बी म्हणलं. पांढरा झगा, त्याच्यातून पाणी ठिपकून राह्यलं. एक जण म्हणाली, "काव, मेमले हवेली म्हणता कवापासून येते?" मी म्हणलं, इतके वर्ष इथंच हाये, शिकली असंन. सगळ्या हसल्या. मग हात धुवाले मागं कोणीच गेलं नाही. आर्णीवाली ताटात बोट फिरवत बसली होती.

आठ दिवसांत गोष्ट बाजारात. कापसाच्या बैलबंड्या घेऊन आलेल्यांनी ती तांड्यावर नेली. तिथं पोचेपर्यंत मेम आर्णीवालीच्या उशाशी उभी राहाले लागली होती.

मग एक दिवस विहिरीवर कपडे धुताना आर्णीवाली हळूच म्हणाली, "ते मी होती व."

त्यांच्यात नवरी सासरी निघताना सुरात रडते, त्याले ढावलो म्हणतात. बापाचं घर झोपडं असो, रडण्यात ते हवेलीच. म्हाताऱ्या शिकवतात, आन् जिले येत नाही तिले बाया हसतात. म्हणून ती न्हाणीत पाठ करत होती. पाठ करता करता खरंच रडू आलं, म्हणाली.

"उद्या बापू येऊन राह्यले मले न्याले. तू सांग त्यायले, काही ऐकलं नाही म्हणून."

"तूच सांग ना, मी होती म्हणून."

"मी सांगितलं तं म्हणतील, मेमच बोलून राह्यली हिच्या तोंडातून. ऐकलं तुनं. तुयंच मानतील."

मी हो म्हणलं. तिच्या ओल्या हातावर हात ठेवून म्हणलं.

दुसऱ्या दिवशी वऱ्हांड्यात तिचा बाप, लाल पागोटं, संग दोन भाऊबंद. रेक्टरबाईंनी मले बोलावलं. सगळ्या पोरी दारात. बापाले खुर्ची देली तरी तो बसला नाही. मायासारख्या पोरीपुढं त्यानं हात जोडले.

"बाई, तू सोता ऐकलं काय? खोटं असंन तं खोटं म्हण. मी हिले नेत नाही."

मी पहिले दारातल्या पोरींकडं पाह्यलं. मी खोटी पडली असती. झग्याचं, पाण्याचं, सगळंच. वणीवाली फेकते, असं वर्षभर चाललं असतं. एवढंच. याच्याहून मोठं कारण मायापाशी तवा नव्हतं, आजही नाही.

"ऐकलं," मी म्हणलं.

एका भाऊबंदानं विचारलं, झगाही पाह्यला काय. मी मान हालवली.

अर्ध्या तासात तिची पेटी बंडीत गेली. ती रडली नाही. सुरात नाही, बिनसुरात नाही. पुस्तकं खाटेवर तशीच ठेवून गेली.

परीक्षा झाली, मी पास झाली. दोन वर्षांनी ती आर्णीच्या बाजारात दिसली, कडेवर पोरगं. मी काहीतरी बोलाले गेली तं तिनं मधेच विचारलं, "इंग्रजीच्या पेपरात काय आलतं व?"

मले आठवलंच नाही. आठवलंच नाही! तिनं पोराले सावरलं आन् गेली.

हे सगळं मी आज बहिणीले सांगितलं. तिनं उतू गेलेला चहा पुसून घेतला. मग म्हणाली, "ताई, ती आर्णीवाली मेली काय?" मी म्हणलं, नाही. "मग न्हाणीत अजून रडते कोण?"

 म्हणून तुमाले विचारते. तुमच्याही कालेजात, शाळेत एखादं भूत असंनच, ते पहिल्यांदा कोणी ऐकलं होतं? आन् कोणी हात जोडून तुमाले खोटं म्हण म्हणलं, आन् तुमी खरं म्हणून बसले, असं तुमच्याच्यानं झालं काय कधी?