झऱ्यात खळबळलेलं फडकं

आमच्या दरीत झरा एकच, आणि त्याची राखण माझ्या आत्याकडे, मिंजुकीकडे. झऱ्यातल्या नागाला दूध घालायचं, शेवाळ काढायचं आणि परक्या माणसावर नजर ठेवायची. पाणी बिघडलं तर राखणदारणीला दरीबाहेर काढायचं, ही इथली रीत. आधीची राखणदारीण तशीच बर्फात गेली. त्यामुळे आत्या कुणावरच विश्वास ठेवत नसे, माझ्यावरही नाही.

एकदा गांधाराकडून पिवळ्या वस्त्रातला भिक्खू आला. नाव इंद्रसेन. बुद्धाचा धर्म सांगत डोंगर ओलांडत होता. उन्हं कलली होती. आत्यानं जवाची भाकर पुढे केली. त्यानं हात जोडले.

"माई, दुपारनंतर मी खात नाही."

"आमचं मीठ नको? पोटात घात असलेलाच मीठ टाळतो," आत्या माझ्या कानाशी पुटपुटली.

तो झऱ्यावर गेला. आम्ही अक्रोडाआडून पाहत होतो. त्यानं पाणी फडक्यातून गाळलं, प्यायलं आणि तेच फडकं उलटं करून झऱ्यात खळबळलं.

"विष!" आत्यानं धावत जाऊन त्याचं मनगट धरलं. "स्वतः गाळून पितोस, आणि आम्हाला हे? पी तसंच, माझ्यासमोर!"

"तसंच नाही पिता येत."

"कबूल झाला टकल्या!" मी ओरडले. "गावाला बोलावू?"

"थांब गं." आत्यानं फडकं हिसकावलं. घडीत एक लाल अळी वळवळत होती.

"तुमच्याच झऱ्यातली," तो म्हणाला. "पोटात गेली तर मरेल. परत घरी सोडत होतो."

"किड्यांची एवढी काळजी? मग माणसांकडून काय उकळायचंय?"

"थोडं ऐकलंत तर पुरे."

"तेच तर! सगळे कानातूनच शिरतात."

जिथं त्यानं फडकं धुतलं होतं, नेमकं तिथलंच पाणी तिनं ओंजळीनं प्यायलं. मला म्हणाली, "मेले तर याला कड्यावरून ढकल."

शिखरावरचं ऊन विझेपर्यंत आम्ही तिघं तिथंच बसलो. शेवटी आत्यानं ढेकर दिला.

सकाळी तिनं त्याला भाकर वाढली. त्याचं बोलणंही ऐकलं, पण त्याच्याकडे पाठ आणि झऱ्याकडे तोंड करून. तो निघून गेल्यावर दुधाचं भांडं विसळताना तिला तळाशी एक अळी दिसली. इकडेतिकडे बघत तिनं ती हळूच पाण्यात सोडली.

"काय बघतेस?" ती माझ्यावर खेकसली. "नागाची आहे ती."