खुल्या जागेतले सहा देव

देवळीच्या शाळेत मी नोकरीभर नागरिकशास्त्र शिकवलं. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या शेपटीला बांधलेला डबा. लढाया संपल्या, परीक्षा तोंडावर आली, की मग शेवटच्या तासाला मूलभूत हक्क. धर्मस्वातंत्र्याची कलमं, पंचवीस ते अठ्ठावीस, मी किती वर्गांपुढे घसा फोडून सांगितली याचा हिशेब नाही. पण त्यांवर मला आजवर एकच प्रश्न विचारला गेला. "सर, हे येनार आहे का पेपरात?"

असा कोणीच न ऐकलेला मास्तर निवृत्त झाला की तो श्रोते शोधत फिरतो. मला ते सापडले, आणि पुढे जे झालं त्याबद्दल मी कोणालाही दोष देऊ शकत नाही. प्रयत्न बराच केला.

निवृत्तीनंतर आम्ही वर्ध्याच्या बाजूला, पिपरीच्या पुढे, एका नव्या लेआउटमध्ये घर बांधलं. लेआउट पाडला की त्यात एक खुली जागा सोडावी लागते. ती सगळ्यांची, ताबा ग्रामपंचायतीचा. आमच्या खुल्या जागेत कमरेएवढं गाजरगवत होतं, पोरांनी स्टंप म्हणून रचलेल्या विटा होत्या आणि कोपऱ्यात एक जुनं मोहाचं झाड. मोहाखाली सहा दगड. ना शेंदूर, ना झेंडा, ना छप्पर. नवख्या माणसाला वाटावं, कोणीतरी चूल मांडून उठून गेलं.

ते माझ्या शेजाऱ्याच्या कुळाचे देव होते. शेजारी गोंड, वनखात्यातून गार्ड म्हणून निवृत्त झालेला. लेआउटच्या आधी इथं शेत होतं. त्याचे आजोबा त्या शेतावर राबायचे आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, त्यांनीच हे सहा देव बसवले होते. पुढे शेत विकलं गेलं, प्लॉट पडले, आणि या माणसानं फंडाचा सगळा पैसा घालून प्लॉट घेतला तो नेमका मोहासमोरचा. मी त्याला म्हटलं होतं, "गार्डसाहेब, यापेक्षा स्वस्तात मागच्या गल्लीत मिळत होता ना बे." तो म्हणाला, "तिथून देव दिसत नाई, मास्तर." एवढंच. तो मुळात कमी बोलायचा, आणि त्याची कसर मी भरून काढायचो. आमची दोस्ती त्यावरच चालली होती.

मग मंदिराचा विषय निघाला. आमच्याच गल्लीत लोखंड-सिमेंटचा एक दुकानदार राहतो. माणूस हौशी, देवभोळा, हात सढळ. त्यानं प्रस्ताव मांडला, की खुल्या जागेत मंदिर बांधू, सिमेंट माझ्याकडून. मी विरोधात उभा राहिलो. तत्त्व खरं होतं. मंदिराच्या लाउडस्पीकरचं तोंड माझ्या झोपायच्या खिडकीकडे येणार होतं, हेही तितकंच खरं. यातलं कोणतं कारण आधी सुचलं, हे मला आता आठवत नाही असं मी बायकोला सांगतो.

पंधरा दिवस संध्याकाळी सिमेंटच्या बाकावर आमचा वाद रंगायचा.

"सर, सरकार जत्रेले एस.टी. सोडते का नाई?" दुकानदार विचारायचा.

"सोडते. कारण माणसं जातात. देवासाठी नाही सोडत."

"मंग सरकारी हापिसात दसऱ्याले पूजा होते, ते?"

"चुकीचं होते."

"पेढा तं तुमी दोन खाता म्हनते!"

बाकावर हशा. मी म्हणायचो, पेढ्याला धर्म नसतो. पुन्हा हशा. काय सांगू, आयुष्यात पहिल्यांदा माणसं माझ्या तासाला स्वतःहून येत होती. गार्डसाहेब बाजूला बसून ऐकायचा. एकदाच, घरी जाताना, तो म्हणाला, "मास्तर, सरकारच्या जागेत एकाचा देव बसला, तं बाकीच्यायनं आपले देव घेऊन जावं कुठं?"

पंधरा दिवसांच्या वादातलं सगळ्यात चांगलं वाक्य हेच होतं. ग्रामसभेत मी ते माझं म्हणून वापरलं.

दिवाळीनंतरची ग्रामसभा. शाळेचा हॉल भरलेला. मी संविधानाचं पुस्तक घेऊन गेलो होतो, कागदाच्या खुणा घालून. दुकानदारही तयारीनं आला होता. तो उभा राहून म्हणाला, "सर, धर्म आनि सरकार वेगळं ठेवा, असं नेमकं कोन्त्या कलमात लिवलं आहे? बोट ठेवून दाखवा."

प्रश्न चोख होता. खरं उत्तर असं, की बोट ठेवावं असं एक वाक्य त्या पुस्तकात नाही. प्रत्येकाला आपला धर्म पाळायची मोकळीक एका कलमात आहे, आपली धर्मकार्यं आपण चालवायची दुसऱ्यात, एखाद्या धर्माच्या पोषणासाठी कर द्यायची सक्ती नाही हे तिसऱ्यात, सरकारी पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या शाळेत धर्माचं शिक्षण नाही हे चौथ्यात. त्यातल्या काही ठिकाणी पुन्हा अटी, अपवाद, "परंतु" आणि "तथापि". हे सगळं एकत्र ठेवून, माणसं पाहून, सावकाश वाचायचं असतं. पण सावकाश वाचणाऱ्याला टाळ्या पडत नाहीत. मी पुस्तक उघडलं, उद्देशिकेवर बोट ठेवलं आणि आवाज चढवून म्हटलं, "धर्मनिरपेक्ष!"

टाळ्या पडल्या.

"तो शब्द तं मागून घातला," दुकानदार म्हणाला.

मी क्षणभर थक्कच झालो. सगळ्या नोकरीत एकाही पोरानं मला हे विचारलं नव्हतं. पण तोंड थांबलं नाही. "तुमच्या दुकानाची पाटी दुकान सुरू झाल्यावर लागली ना? मग पाटी लागायच्या आधी दुकान काय दुसऱ्याचं होतं?"

पुन्हा टाळ्या. दुकानदारही हसला. आणि हसता हसताच म्हणाला, "मानलं, सर. मंग ते मोहाखालचे दगड? ते बी देवच हाये ना? ते राह्यतीन आनि आमचं मंदिर नाई, हे कोन्तं निरपेक्ष?"

माझ्या शेजारच्या खुर्चीवरून गार्डसाहेब उठला. त्यानं घसा खाकरला. "मले दोन शब्द..."

मी त्याच्या मनगटाला धरून त्याला खाली बसवलं. "तू बस. मी आहे ना."

मी का बसवलं? मला वाटलं, हा भावनेचं काहीतरी बोलेल, आजोबांचं, कुळाचं, आणि माझा जिंकत आलेला मुद्दा ढिला करेल. मी उभा राहून म्हणालो, "कायदा सगळ्यांना सारखा. मंदिर नाही, तर दगडही नाहीत." आणि ग्रामसेवकाला ठराव मीच सांगितला: खुल्या जागेत कोणतंही धार्मिक बांधकाम वा चिन्ह असणार नाही, असलेली चिन्हं आठ दिवसांत हलवावीत, जागा सपाट करून तिथे फिरण्यासाठी गोल वाट करावी. ही वाटेची कल्पनाही माझीच. मला मधुमेह आहे.

ठराव हात वर करून मंजूर झाला. मी आजूबाजूला पाहत होतो, पण बाजूला पाहिलं नाही. गार्डसाहेबानं हात वर केला होता की नाही, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या घराला कुलूप होतं. मी समजलो, देव घेऊन गावी गेला असेल. माझ्या दारापासून मोहापर्यंत चाळीस पावलं. ती चालून गवत बाजूला करून पाहावं, असं मला चार दिवसांत एकदाही वाटलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी जेसीबी आलं. आठ दिवस झाले नव्हते, पण यंत्र दुसऱ्या कामावरून मोकळं होतं, आणि मोकळं जेसीबी म्हणजे मुहूर्तच. मी बनियनवरच बाहेर आलो आणि देखरेख सुरू केली. इकडून घे, तिकडून घे. मोहाजवळ आल्यावर चालवणाऱ्यानं इंजिन हळू केलं आणि मान बाहेर काढली. "सर, झाडाखालून बी घेऊ का?"

"घे ना," मी म्हटलं. "वाट गोल पाहिजे."

त्यानं घेतलं.

त्याच दिवशी दुपारच्या बसनं गार्डसाहेब उतरला. सोबत एक म्हातारा होता, हातात बांबूची टोपली. तो त्यांचा भुमक, म्हणजे देव उठवणारा आणि बसवणारा जाणता माणूस. कोणीही उठून हे दगड उचलायचे नसतात. त्या म्हाताऱ्याला कारंज्याच्या वरच्या डोंगरातल्या गावातून आणायला चार दिवस लागले होते. दोघं मोहाखाली उभे राहिले. जमीन शेणानं सारवल्यासारखी सपाट होती. मी कौतुकानं वाट दाखवायला निघालो होतो, तो अर्ध्यावरच थांबलो.

गार्डसाहेब ओरडला नाही. त्यानं विचारलं, "मलबा कुठं टाकला, मास्तर?"

मलबा नाल्याच्या काठी टाकला होता, चार ट्रॉल्या. पहिला धावत आला तो दुकानदार. दुकानातले दोन मजूर, घमेली आणि टेम्पो घेऊन आला. "देव हाये न बाप्पा," तो मला म्हणाला, "हरवले म्हनजे का!" दोन दिवस आम्ही तो ढीग उपसला. मी एकेक दगड उचलायचो, धोतराच्या सोग्यानं पुसायचो आणि गार्डसाहेबाला दाखवायचो.

"हा?"

"नाई."

"हा?"

"तो गिट्टीचा आहे, मास्तर."

"मग हा?"

"तो विटेचा तुकडा हाये."

त्याला डोळ्यांनी पाहावंही लागत नव्हतं. हातात घेतला की कळायचं. चार सापडले. दोन सापडले नाहीत. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, पुरे. चार देव टोपलीत घालून तो आणि भुमक बसनं गेले. टोपली त्यानं मांडीवर घेतली होती. मी स्टँडवर होतो. बस सुटेपर्यंत मी बोलत होतो, काय बोलत होतो ते विचारू नका.

दुकानदारानं पुढे कोपऱ्यावरचा प्लॉट विकत घेऊन तिथे मंदिर बांधलं. स्वतःची जागा, स्वतःचं सिमेंट, अगदी कलमाप्रमाणे. लाउडस्पीकर माझ्याच खिडकीकडे आहे. महाप्रसादाला मी जातो आणि भाजी दुसऱ्यांदा मागून घेतो.

गार्डसाहेब परत आला. बोलणं बंद केलं नाही, ते त्याच्या स्वभावात नव्हतं. पण मी अस्वस्थ होतो, आणि अस्वस्थ झालो की मी लिहितो. मी जिल्हा कार्यालयासाठी पाच पानी अर्ज तयार केला. आता पंचविसावं कलम सावकाश वाचलं होतं. एकोणतिसावंही, आपली संस्कृती जपण्याच्या हक्काचं, जे ग्रामसभेच्या दिवशी माझ्या पुस्तकात खुणेशिवाय पडून होतं. धर्म आणि शासन वेगळं ठेवायचं ते ज्याच्यामागे कोणी नाही त्याच्या श्रद्धेवर सरकारचं यंत्र फिरू नये म्हणूनही, असं मी लिहिलं. चांगलं लिहिलं. मोहाखालची जागा त्या कुळाला परत द्यावी, अशी शेवटी विनंती. अर्ज घेऊन मी त्याच्या अंगणात गेलो.

त्यानं पाचही पानं वाचली. "चांगलं लिवलं," म्हणाला. "खाली सही कोनाची?"

"तुझी. मी लिहिलंय सगळं. तू फक्त सही कर."

त्यानं कागद जुळवले आणि माझ्या मांडीवर ठेवले. "मास्तर, त्या दिवशी मी उठलो होतो. तू मले बसवलं. मी काय बोलनार होतो, हे तू मले अजून इचारलं नाई."

महिना होऊन गेला होता. खरंच विचारलं नव्हतं.

"काय बोलणार होतास?"

"मी म्हननार होतो, मास्तर बरोबर बोलून राह्यला. जागा सगळ्यायची आहे, आमचेही देव आमी उचलतो. फक्त पूस लागू द्या. देव हलवाचा तोच महिना असते. लोकायनं आयकलं असतं. दुकानवाल्यानं बी आयकलं असतं. दीड महिन्याचीच गोष्ट होती."

अख्ख्या सभेत माझ्या बाजूनं उठलेला एकच माणूस, आणि त्याच्या मनगटाला मी धरलं होतं.

मी अर्ज घरी आणला. फाडला नाही, इतका चांगला मजकूर फाडवत नाही, हे माझं नीचपण. कपाटात आहे. पूस, म्हणजे पौष, लागला तेव्हा गार्डसाहेब गावी जायला निघाला. चार देव बसवायचे होते आणि उरलेल्या दोघांचं काय करायचं ते भुमक सांगणार होता. मी विचारलं, येऊ का? त्यानं बराच वेळ चपलेचा अंगठा चाचपला. मग म्हणाला, "येजो. पन तिथं बोलू नको."

तर मी गेलो. डोंगराच्या उतारावर एका झाडाखाली पंधरा-वीस माणसं बसली होती. मला पाणी दिलं, बसायला गोणपाट दिलं. चार दगड मांडले. त्यांच्या शेजारी दोन जागा सारवून तशाच मोकळ्या ठेवल्या. भुमकानं त्या मोकळ्या जागांकडे बोट दाखवून गार्डसाहेबाला काहीतरी विचारलं. ढीग उपसताना नाल्याकाठी तोही होता, म्हणजे त्याला ठाऊक होतं; विचारलं ते सगळ्यांसमोर सांगायला लावण्यासाठी. गार्डसाहेब उभा राहिला आणि बोलू लागला, त्यांच्या भाषेत. इतका वेळ बोलताना मी त्याला कधीच ऐकलं नव्हतं. कोणी मध्ये बोललं नाही. एकदा दोन-तीन माणसांनी माझ्याकडे वळून पाहिलं, एकदा एक म्हातारी हसली.

त्यात मी होतो का, आणि असलो तर कसा होतो, मला कळलं नाही. येताना बसमध्ये त्यानं खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले. मी विचारलं नाही.